नवशिक्यांनी पहिले तीन महिने स्मॅश मारूच नये!

मधली_रेघ
पहिल्या दिवशी रॅकेट हातात घेतलेल्यालाही बॅडमिंटन 'येतं'. फूल (शटल) पलीकडे जातं, रॅली होते, घाम येतो. चौथ्या दिवसापासून स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात ठोकायचा फटका, सुरू. दहातले सहा जाळीत, तीन बाहेर, एक लागतो. आणि त्या एकाच्या आनंदात उरलेले नऊ विसरले जातात. नुकसान त्या नऊ फुलांचं नाही. जोर लावायच्या नादात मूठ आवळली जाते, कोपर खाली राहतं, अंग जाळीकडे तोंड करून उभं राहतं, आणि तीच सवय पुढे मोडता मोडत नाही.

म्हणून माझं म्हणणं: पहिले तीन महिने स्मॅश बंद. आधी पकड, मग पाय, मग टॉस (म्हणजे क्लिअर, समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका; कोर्टावर सगळे टॉसच म्हणतात), मग सर्व्हिस, मग ड्रॉप (जाळीपलीकडे जवळच हळूच उतरणारा फटका). क्रम बरोबर आहे का ते जाणकारांनी सांगावं, आणि प्रत्येक पायरीवर नेमकं काय चुकतं तेही लिहावं. 'नियमित सराव करा' छापाचे सल्ले नकोत.

चपळ_कासव
स्मॅश बंद केला तर संध्याकाळच्या बॅचला कोर्टं रिकामी मिळतील, एवढा फायदा नक्की.

टिचकी
क्रमाला अनुमोदन. पकडीपासून सुरू करते, कारण नव्वद टक्के दुखणी तिथलीच.

फोरहँड पकड: दुसऱ्या हाताने रॅकेटची दांडी धरा. रॅकेटची कड जमिनीकडे, म्हणजे सुरी धरतो तशी. आता रॅकेटच्या मुठीशी हस्तांदोलन करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात जो 'व्ही' होतो तो मुठीच्या वरच्या अरुंद बाजूवर आला पाहिजे. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी सुटी, पुढे सरकलेली. तळवा आणि मूठ यांच्यात किंचित पोकळी राहायला हवी. दुसऱ्या कुणी रॅकेट हलकेच ओढली तर ती निसटायला हवी, इतकी सैल. आवळायची ती फूल लागण्याच्या क्षणी, आणि लगेच परत सैल.

बॅकहँड: मुठीला आठ बाजू असतात, त्यातल्या दोन रुंद. रॅकेट बोटांत जराशी फिरवून अंगठ्याचं पेर मागच्या रुंद बाजूवर सपाट टेकवा. सर्व्हिस, ड्राइव्ह (जाळीला समांतर सपाट फटका), जाळीजवळून उचलणं, म्हणजे अंगाच्या पुढ्यात घेतलेले सगळे बॅकहँड या पकडीने. फूल अंगाच्या बाजूला किंवा मागे गेलं असेल तर अंगठा रुंद बाजूवरून सरकवून तिच्या शेजारच्या तिरप्या कडेवर आणायचा, नाहीतर हात फिरायला जागाच उरत नाही.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे तव्याची पकड. रॅकेटचा चेहरा (तारांची सपाट बाजू) जाळीकडे आणि मूठ तवा धरल्यासारखी. त्याने फूल लागतं हो, म्हणूनच ती सवय सुटत नाही. पण हात कोपराखाली फिरू शकत नाही, मग सगळा जोर खांद्यातून आणि मनगटाच्या झटक्यातून काढावा लागतो.

सराव: बसल्या बसल्या, मुठीकडे न बघता, फोरहँड-बॅकहँड-फोरहँड अशी बोटांनी अदलाबदल पन्नास वेळा. नंतर फूल रॅकेटवर वर उडवत राहा, एकदा या चेहऱ्याने, एकदा त्या.

गटवाला
टिचकीताईंनी एक गोष्ट सोडली. रॅकेटची मूठ जाड असेल तर ती बोटांत फिरणारच नाही. लोक मूळ ग्रिपवर एक, घाम येतो म्हणून दुसरी, अशा दोन-दोन ओव्हरग्रिप (वरून गुंडाळायच्या पट्ट्या) चढवतात. मुठीची जाडी जी४, जी५ अशा आकड्यांत असते; बहुतेक कंपन्यांत जी५ ही जी४ पेक्षा बारीक असते. शंका असेल तर बारीक घ्या आणि एकच ओव्हरग्रिप लावा. बारीक मूठ जाड करता येते, जाडीची बारीक होत नाही.

नवं_फूल
टॉस मागच्या रेषेपर्यंत जातच नाही, अर्ध्या कोर्टात पडतो आणि समोरचा मजेत ठोकतो. ताकद कमी पडते म्हणून का? डंबेल्स सुरू करावेत का?

कोपरखळी
डंबेल्स राहू द्या. फुलाचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एवढ्याशा वस्तूला ताकद लागत नाही, वेग लागतो, आणि तो रॅकेटच्या टोकाला लागतो. तो कसा येतो ते सांगतो, जरा लांबण लागेल.

फूल वर चढताना दिसलं की पहिली हालचाल हाताची नाही, पायाची. रॅकेटच्या बाजूचा पाय मागे, अंग आडवं, दोन्ही खांद्यांची रेषा कोर्टाच्या लांबीच्या दिशेने. मोकळा हात फुलाकडे वर. हा हात फूल दाखवायला नसतो. तो खाली खेचला की दुसरा खांदा आपोआप पुढे येतो, आणि तोलही राहतो. रॅकेटच्या हाताचं कोपर खांद्याच्या उंचीला, बरगडीला चिकटलेलं नको.

मग फुलाच्या मागे जायचं. हा शब्द नीट वाचा: मागे. फुलाखाली नाही. फूल खाली येताना कपाळाच्या थोडं पुढे आणि रॅकेटच्या खांद्याच्या वर दिसलं पाहिजे.

आता फटका. कोपर आधी वर आणि पुढे जातं, रॅकेटचं डोकं त्या वेळी पाठीमागे पडतं. मग कोपराखालचा हात फिरतो, कुलपात किल्ली फिरवताना फिरतो तसाच. लोक ज्याला 'मनगटाचा झटका' म्हणतात तो बराचसा हाच असतो. मनगट पुढे दुमडायचं नाही. फूल लागताना हात जवळजवळ पूर्ण ताणलेला, तळवा जाळीकडे, आणि त्याच क्षणी बोटं आवळलेली. रॅकेट पुढे येऊन विरुद्ध बाजूच्या मांडीकडे उतरते, मागचा पाय पुढे येतो, आणि हेच मधल्या जागेकडे परतायचं पहिलं पाऊल.

फूल कुठे गेलं यावरून चूक ओळखता येते:
उंच गेलं पण मध्येच पडलं, तर फूल डोक्याच्या मागे घेतलंय, म्हणजे पाय उशिरा निघाले.
सपाट गेलं, तर फार पुढे किंवा खाली उतरू दिल्यावर घेतलंय.
तिरकं गेलं आणि आवाज फाटका आला, तर चेहरा पूर्ण फिरला नाही, काप बसला.
सगळं बरोबर वाटतंय तरी जोर नाही, तर मूठ सुरुवातीपासूनच आवळलेली आहे. आधीच आवळलेली मूठ आणखी आवळणार कुठे?

नवं_फूल, लक्षणावरून तुमचं पहिलं कारण दिसतंय. म्हणजे औषध हातात नाही, पायात आहे.

वाचनमात्र
आजवर न लिहिता वाचत आलो, पण या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. वाचनखूण साठवली. 'मूठ आणखी आवळणार कुठे' हे छापून रॅकेटच्या कव्हरला चिकटवणार.

लाइन_अंपायर
निदानाच्या आधी फूल तपासा की राव. संथ फुलाने कुणाचाच टॉस मागे जाणार नाही. नियमातलीच चाचणी आहे: मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, वरच्या दिशेने पूर्ण जोराचा अंडरहँड फटका मारायचा. फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग योग्य. अर्थात हा फटका ज्याला नीट येतो त्याने मारायचा. नायलॉनच्या फुलावर बुचाशी रंगीत पट्टी असते: हिरवी संथ, निळी मध्यम, लाल जलद.

आणि टॉस कुठे पडायला हवा याचं मापही कोर्टावर आखलेलंच आहे. डबल्सची मागची सर्व्हिस रेषा आणि शेवटची रेषा यांच्यात ७६ सेंटिमीटरचा पट्टा असतो. फूल त्या पट्ट्यात पडलं की टॉस.

चपळ_कासव
आमच्या पट्ट्यात फूल नाही, भागीदाराची चप्पल आणि पाण्याची बाटली असते.

उलटा_हात
कोपरखळी यांच्याशी सहमत, पण मुळात हा फटका फुलाशिवाय शिकवावा. जाळीपासून तीनेक मीटरवर उभं राहा, जुनं फूल बुचाकडून धरा आणि चेंडूसारखं डोक्यावरून पलीकडे फेका. कोपर खाली असेल तर ते जाळी ओलांडणार नाही, पिसांमुळे हवेतच थांबतं. वीस फेका, मग रॅकेट घेऊन तीच हालचाल. फेकता येणाऱ्याला टॉस लवकर जमतो.

भिंतीचा सराव मात्र टॉससाठी करू नका, हे आधीच सांगून ठेवतो. इथे कुणीतरी सुचवणारच.

टिचकी
मीच सुचवणार होते :) भिंत वाईट नाही हो. दोन मीटरवर उभं राहून छातीच्या उंचीला ड्राइव्ह, तीस सेकंद खेळ, तीस सेकंद विसावा, असे सहा फेरे. फोरहँड-बॅकहँड अदलाबदल त्यात जितकी घोटून होते तितकी खेळात होत नाही. शिवाय झोका मोठा घेतला की फूल परत येईपर्यंत रॅकेट जागेवर नसते, म्हणजे भिंत स्वतःच चूक दाखवते.

उलटा_हात
ड्राइव्हला हरकत नाही. पण लोक भिंतीवर डोक्यावरचे फटकेही मारतात. फूल पटकन आणि खाली येतं, मग कोपर खाली ठेवूनच मारायची सवय लागते. तेवढं सोडलं तर भिंतीइतका न दमणारा भागीदार नाही.

चपळ_कासव
आणि 'तुझं होतं!' असंही ओरडत नाही.

पाऊलखुणा
एवढे प्रतिसाद झाले आणि पायांवर कोपरखळींची दोन वाक्यं. बॅडमिंटन पायाने खेळतात, हात फक्त शेवटी सही करतो.

उभं राहण्याची जागा: सिंगल्समध्ये मधली रेघ जिथे पुढच्या सर्व्हिस रेषेला मिळते तिथे बरेच जण उभे राहतात. ती जागा फार पुढे आहे. जाळीपासून ती रेषा १.९८ मीटर, आणि तुमच्या बाजूचं कोर्ट ६.७० मीटर. मागे पळायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्या कोपऱ्यापासून दीड-दोन पावलं मागे थांबा. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यावर, रॅकेट कमरेच्या वर.

उडी: समोरचा फटका मारतो त्या क्षणी छोटीशी उडी. उंच नाही, टाच जेमतेम सुटेल एवढी. पाय टेकतात तेव्हा फुलाची दिशा कळलेली असते आणि टेकतानाच्या दाबातून पहिलं पाऊल सुटतं. नवशिके दोन प्रकारे चुकतात. एक, उडीच नाही, खांबासारखे उभे. दोन, उडी सतत, दोरीवरच्यासारखी. मग समोरच्याने मारलं तेव्हा नेमके हवेत. फटक्याच्या आवाजाशी टेकणं जुळवा.

पुढे जाताना शेवटचं पाऊल रॅकेटच्या पायाचं. टाच आधी टेकते, मग तळवा. पंजा जायच्या दिशेने आणि गुडघा पंजाच्या रेषेत, आत वळलेला नको. मागचा पाय अंगठ्याच्या आतल्या कडेवर घसटत थोडा पुढे येऊ द्या, तो खिळून राहिला की जांघेवर ताण येतो. रॅकेट पाय टेकण्याच्या सुमारास फुलाला लागते. आधी थांबून मग हात लांबवला तर फूल तोवर खाली गेलेलं असतं.

मागे जाताना: पाठ करून पळू नका आणि उलटे तुरुतुरु चालूही नका. आधी अंग आडवं, मग सरकती पावलं. उलटं चालताना तोल गेला की माणूस सरळ पाठीवर किंवा हातावर पडतो.

शॅडो प्रॅक्टिस: फुलाशिवाय सहा जागा. पुढचे दोन कोपरे, दोन बाजू, मागचे दोन कोपरे. प्रत्येक वेळी मध्ये परत. वीस सेकंद काम, चाळीस सेकंद विसावा, सहा ते आठ फेरे. सुरुवातीला वेग निम्मा ठेवा, पण पावलांची संख्या दर वेळी तीच आली पाहिजे.

गटवाला
आणि हे सगळं पळण्याच्या बुटात करू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते. सरळ पळायला उत्तम, पण बाजूला थांबताना पाऊल बुटातच कलतं आणि घोटा मुरगळतो. चपटा, डाग न पाडणारा रबरी तळ असलेला इनडोअर बूटच हवा. धूळ असेल तर तळ ओलसर फडक्याने पुसा.

रॅकेटचंही सांगून टाकतो, कुणीतरी विचारणारच. ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९. सुरुवातीला ४यू, दांडी मऊ किंवा मध्यम, वजन समतोल किंवा किंचित डोक्याकडे. गटिंग, म्हणजे तारांचा (गटाचा) ताण, २० ते २३ पौंड. २७ पौंडांवर गट ताणून घेतल्याने स्मॅश वाढत नाही. गट जितका कडक तितका मधला लागू भाग लहान, आणि नवशिक्याचं फूल मध्यावर लागतंच कुठे? हादरा कोपराला जातो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी मूठ सैल धरताय का ते बघा, मग गटाचा ताण उतरवा, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टर गाठा. पट्टा बांधून खेळत राहू नका.

नवं_फूल
नायलॉन की पिसाचं?

गटवाला
सर्व्हिस, पकड, शॅडोनंतरचे साधे फटके यांना नायलॉन पुरे. पण पिसाचं फूल शेवटी एकदम मंदावतं आणि जवळजवळ सरळ खाली पडतं. नायलॉनचं लांब, सपाट कमानीत जातं. त्यामुळे टॉस आणि ड्रॉपचा अंदाज पिसावरच बसतो. जाणत्या खेळाडूंनी टाकून दिलेली पिसाची फुलं सरावाला छान. सोळापैकी एखादं पीस तुटलेलं चालतं. दोन-तीन गेली की फूल डोलायला लागतं, मग वेळच चुकते. पिसं फार कोरडी पडली असतील तर आदल्या दिवशी नळीचं झाकण उघडून वाफेवर काही सेकंद धरा आणि परत बंद करून ठेवा. वाफ पिसांना, बुचाला नाही.

लाइन_अंपायर
सर्व्हिसवर कुणीच बोलत नाही. नेहमीचंच. ज्या फटक्यात समोरचा काही करू शकत नाही तोच कुणी घोटत नाही.

नियम आधी: फूल मारण्याच्या क्षणी सगळंच्या सगळं जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत हे मोजलं जाऊ लागलं, त्याआधी कमरेवरून वाद व्हायचे. सरावात मोजायचं कसं? जाळीचा खांब १.५५ मीटर असतो. त्याच्या टोकापासून ४० सेंटिमीटर खाली टेप चिकटवा, झालं तुमचं मोजमाप. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला चिकटलेला हवा, रेषेवर पाय नको, आधी बूच मारायचं, आणि रॅकेट पुढे निघाली की मध्ये थांबायचं नाही. थांबून फसवण्याला लोक 'हुशारी' म्हणतात, नियम फॉल्ट म्हणतो.

डबल्सची बॅकहँड सर्व्हिस: रेषेच्या वीसेक सेंटिमीटर मागे, रॅकेटचा पाय पुढे. फूल पिसाच्या टोकाला दोन बोटांत, बूच रॅकेटकडे. अंगठा रुंद बाजूवर. झोका एक वीतभर, मनगट जवळजवळ स्थिर, फूल अंगठ्याने ढकलायचं. फूल वर फेकून मारू नका, हातातून सुटतं तिथेच मारा. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर, फुलाने सर्वांत उंच बिंदू जाळीच्या अलीकडे, आपल्या बाजूला गाठायला हवा. मग ते पलीकडे जाताना उतरत असतं आणि समोरच्याला वरून ठोकता येत नाही. जाळीच्या वर ३० सेंटिमीटरवर एक दोरी बांधा आणि दोरीखालून, समोरच्या पुढच्या सर्व्हिस रेषेपलीकडे वीतभर अंतरात फूल टाका. रोज पन्नास.

सव्यसाची
डावखुऱ्यांसाठी एक टीप. वरचं सगळं आरशात बघून करा, पण समोरच्याच्या बाबतीत नव्हे. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॅकहँड तुमच्या बॅकहँडच्या सरळ समोर येतो. त्या बाजूने मारलेला सरळ टॉस हाच तुमचा हल्ला.

चपळ_कासव
अन्याय आहे हा. डावखुऱ्यांना वेगळं कोर्ट द्या.

मधली_रेघ
धागा भरकटला तरी उत्तम चाललाय. पण स्मॅशबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणजे सगळे सहमत?

एक दाखला देतो. १९८० च्या ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रकाश पडुकोण यांनी इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. किंग उडी मारून ठोकलेल्या स्मॅशसाठी प्रसिद्ध होता. जिंकलं ते नियंत्रण.

कोपरखळी
सहमत नाही, म्हणून तर गप्प होतो.

पडुकोणांना सगळे फटके येत होते. काय मारायचं नाही ही त्यांची निवड होती. नवशिक्यावर ती बंदी म्हणून लादता येत नाही. आणि तांत्रिक मुद्दा असा की टॉस, ड्रॉप आणि स्मॅश हे तीन वेगळे फटके नाहीतच. तयारी तीच, पाय तेच, कोपर तिथेच. स्मॅशला फूल टॉसपेक्षा फूटभर पुढे घ्यायचं म्हणजे चेहरा खाली झुकतो. ड्रॉपला शेवटी वेग काढून घ्यायचा, पण हात अर्धवट थांबवायचा नाही. एक तीन महिने बंद ठेवला तर बाकीच्या दोघांची तयारी 'टॉसची' म्हणून ओळखू यायला लागते आणि समोरचा आरामात वाचतो.

बंदी घालायची तर पूर्ण जोराच्या स्मॅशवर घाला. निम्म्या जोराचा, पण खाली उतरणारा हाफ स्मॅश पहिल्या महिन्यापासून हवा.

उलटा_हात
+१. शिवाय फूल हवेत फार झपाट्याने वेग गमावतं. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा ताशी ५६५ किलोमीटर हा २०२३ मध्ये नोंदला गेलेला विक्रम रॅकेटमधून सुटतानाचा आहे, समोरच्यापर्यंत पोचतानाचा नाही. नवशिक्याने मागच्या रेषेवरून कितीही जोर लावला तरी फूल पोचेपर्यंत लंगडं होतं. कोन महत्त्वाचा. अर्ध्या कोर्टाच्या पुढे आलेल्या फुलावर हाफ स्मॅश, त्यामागच्या फुलावर टॉस किंवा ड्रॉप. एवढा साधा नियम पाळला तरी जाळीत जाणारे निम्मे वाचतील.

टिचकी
मी मध्ये पडते. दोघांचं म्हणणं एकत्र होईल असा सराव आहे. अर्ध्या रुंदीचं सिंगल्स: फक्त उजवं किंवा फक्त डावं अर्धं कोर्ट, सरळ फटके. पहिल्या गेममध्ये फक्त टॉस आणि ड्रॉप. दुसऱ्यात हाफ स्मॅशला परवानगी, पण तो मारून पुढे येऊन परत आलेलं फूल घेता आलं तरच गुण. नाहीतर गुण समोरच्याला. जोराने मारून तोल घालवणारे दहा मिनिटांत सरळ होतात.

जाळीजवळच्या ड्रिबलचंही (फूल जाळीलगत हळूच पलीकडे टाकणं) कुणी लिहिलं नाही, ते थोडक्यात: झोका नको. फूल जाळीच्या पट्टीजवळ असतानाच रॅकेट त्याखाली धरा, बोटं सैल, आणि उचल पायाच्या पुढे जाण्यातूनच मिळू द्या. फूल छातीखाली उतरलं असेल तर ड्रिबलचा हट्ट सोडून उंच उचला, तेही मागच्या पट्ट्यापर्यंत.

लाइन_अंपायर
आणि रॅकेट जाळीला लागली की गुण गेला. 'हलकीच लागली' असा प्रकार नसतो.

वाचनमात्र
आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास मिळत असेल तर वाटणी कशी करावी?

पाऊलखुणा
आठ-दहा मिनिटं सांधे मोकळे करणं आणि हलकं पळणं. दहा मिनिटं शॅडो. पंधरा मिनिटं टॉस: एकाने हातात दहा फुलं घेऊन उंच उडवायची, दुसऱ्याने मारायची, सहा फेरे, मग बदल. दहा मिनिटं सर्व्हिस. उरलेला वेळ टिचकींचं अर्धं कोर्ट. पूर्ण गेम तिसऱ्या दिवशी. दमल्यावर टॉसचा सराव करू नका, थकलेलं कोपर खाली पडतं आणि तेच शिकलं जातं.

आणि मोबाइल लावा. एकदा मागून, एकदा बाजूने, स्लो मोशनमध्ये. मागून पाय आणि खांदे दिसतात. बाजूने फूल डोक्याच्या पुढे लागलं की मागे, ते दिसतं. एका वेळी एकच गोष्ट सुधारा.

चपळ_कासव
व्हिडिओ बघायला सांगणं हा क्रूरपणा आहे. मनात आपण इंडोनेशियाचा ऑलिंपिक विजेता तौफिक हिदायत असतो.

मधली_रेघ
ठीक. 'तीन महिने' मागे घेतो, महिन्यांऐवजी परीक्षा ठेवू. उडवून दिलेल्या दहा फुलांपैकी सात टॉस मागच्या ७६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि प्रत्येक वेळी पुढच्या फुलाआधी मधल्या जागी परत. तोवर हाफ स्मॅश चालेल, पूर्ण स्मॅश नाही. कोपरखळी, मान्य?

कोपरखळी
पट्टा फार कडक आहे, पट्ट्याच्या अलीकडचं एक पाऊलही धरा. परत येण्याची अट मात्र सोडू नका, खरी परीक्षा तीच आहे.

नवं_फूल
आज कोपर वर ठेवून आणि फुलाच्या मागे जाऊन मारलं तर टॉस लांब जातोय, पण दहातले तीन-चार फ्रेमला लागतायत. आधी असं होत नव्हतं. परत जुन्यावर जाऊ का?

कोपरखळी
मुळीच नाही. फूल आता आधीपेक्षा वर आणि आधी लागतंय, डोळ्याला जुन्या वेळेची सवय आहे. फूल लागेपर्यंत हनुवटी वर ठेवा, समोर कोण कुठे उभं आहे ते बघायला मान आधीच खाली येत असेल. वेग सत्तर टक्क्यांवर आणा आणि आवाज ऐका. 'टॉक' असा कोरडा आवाज दहातून आठ वेळा आला की मग वेग वाढवा.